ए. एम. जीवनजी : कराचीहून नैरोबीला गेलेला व्यापारी, आणि कौन्सिलमधली ती एकच खुर्ची

१९०९ साली ब्रिटिश ईस्ट आफ्रिकेच्या, म्हणजे आजच्या केनियाच्या, लेजिस्लेटिव्ह कौन्सिलवर अलीभाई मुल्ला जीवनजी या कराचीच्या बोहरी व्यापाऱ्याची नेमणूक झाली आणि त्या कौन्सिलमध्ये बसणारे ते पहिले बिगर-गोरे सदस्य ठरले. त्यांच्याबद्दल कुठे काही वाचायला मिळालं तर बहुतेक वेळा एवढंच मिळतं, पहिले भारतीय सदस्य, संपला विषय. मला मात्र त्यांचं आयुष्य वाचताना कायम असं वाटत आलंय की त्यांच्या राजकारणात त्या खुर्चीचा वाटा सगळ्यात कमी होता, खरं राजकारण बाजारात, जमिनीच्या कागदांवर, छापखान्यात आणि लंडनच्या ऑफिसांच्या पायऱ्या चढण्यात झालं. ते नीट समजलं की वसाहतीच्या काळात दुसऱ्या देशात जाऊन तिथलं लोकल राजकारण करणं म्हणजे नेमकं काय होतं हेही समजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे परदेशात गेलेल्या भारतीयांचा इतिहास म्हटलं की दक्षिण आफ्रिका आणि गांधीजी, फार तर मॉरिशस आणि फिजीचे गिरमिटिये. पूर्व आफ्रिका सुटूनच जाते. खरं तर मुंबईच्या किनाऱ्यावरून बघितलं तर हा भाग तेव्हा खूप जवळचा होता. कच्छ-काठियावाडची गलबतं मोसमी वाऱ्यांवर शतकानुशतकं झांजिबार-मोंबासाला जायची, झांजिबारच्या ब्रिटिश कोर्टात निकाल विरुद्ध गेला तर अपील मुंबई हायकोर्टात व्हायचं, आणि पुढे ब्रिटिशांनी मोंबासाच्या मागचा मुलूख ताब्यात घेतला तेव्हा तिथे भारतातला रुपयाच चालायचा आणि इंडियन पीनल कोडच लागू होता. म्हणजे कराचीहून किंवा मुंबईहून मोंबासाला उतरणाऱ्या माणसाला नाणं ओळखीचं, कायदा ओळखीचा. हे लक्षात ठेवा, कारण "हा मुलूख आमचाही आहे" ही पुढची मागणी हवेतून आलेली नव्हती.

जीवनजींचा जन्म १८५६ चा, कराचीतला. घर दाऊदी बोहरा, परिस्थिती साधी, शाळा फारशी झाली नाही. १८८६ मध्ये ते थेट ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला पोचले आणि तिथे भारतातून माल मागवून विकायचा धंदा त्यांनी उभा केला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पूर्व आफ्रिकेत आले तेव्हा ते गोऱ्यांच्या वसाहतीत राहून, गोऱ्या गिऱ्हाइकांशी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांशी व्यवहार करून आलेले होते. १८९० मध्ये त्यांनी मोंबासाला बस्तान हलवलं. तेव्हा तिथे ब्रिटिश सरकार अजून आलेलंच नव्हतं, इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी होती, १८८८ मध्ये सनद मिळालेली, आणि त्या कंपनीला माणसं हवी होती, भारतातून आणलेली. जीवनजींनी ती पुरवायला सुरुवात केली. कंपनी पुढे डबघाईला आली आणि १८९५ मध्ये ब्रिटिश सरकारने कारभार आपल्याकडे घेतला.

मग आली रेल्वे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत, साधारण ९३० किलोमीटर, १८९६ ला काम सुरू झालं आणि १९०१ च्या अखेरीस रूळ सरोवराला पोचले. या कामावर भारतातून जवळपास ३२,००० मजूर आणले गेले, बहुतेक पंजाबचे, तीन वर्षांच्या करारावर, साध्या मजुराला महिना १५ रुपये आणि शिधा. त्यातले सुमारे २,५०० मेले. साव्होच्या दोन सिंहांची गोष्ट सगळ्यांना माहिती असते, १८९८ ची, पण सिंहांनी खाल्लेल्यांपेक्षा कितीतरी पटीने जास्त माणसं आजाराने आणि अपघाताने गेली, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. जीवनजी या सगळ्यात मोठे कंत्राटदार होते. मजूर आणणं, त्यांना धान्य पुरवणं, खडक फोडणं, भराव टाकणं, स्टेशनच्या इमारती बांधणं, अशी एकामागून एक कामं त्यांना मिळत गेली आणि त्यातून प्रचंड पैसा आला. त्यांच्याविषयी कितीही आदर वाटला तरी हे विसरून चालणार नाही की त्या श्रीमंतीच्या तळाशी पंजाबी मजुरांचे ते १५ रुपये होते.

रेल्वे १८९९ मध्ये एका दलदलीच्या माळावर पोचली, तिथे डेपो टाकला, आणि तेच नैरोबी. मसाई लोक तिथे आपली गुरं पाण्यावर आणायचे, बाकी शहर वगैरे काही नव्हतं. अशा ठिकाणी ज्याच्याकडे विटा, चुना, गवंडी आणि पैसा आहे तो माणूस किती मोठा होतो याचा विचार करा. सरकारी ऑफिसं, अधिकाऱ्यांची घरं, दुकानं, यातलं बरंच काही जीवनजींनी बांधलं आणि बरंचसं त्यांच्या मालकीचं होतं, म्हणजे सरकार त्यांचं भाडेकरू! १९०२ मध्ये नैरोबीच्या इंडियन बाजारात प्लेग आला आणि अधिकाऱ्यांनी अख्खा बाजार जाळून टाकला. त्यानंतर शहरासाठी जे नवीन मार्केट उभं राहिलं ते जीवनजींनी बांधलेलं, जीवनजी मार्केट. १९०६ मध्ये त्यांनी शहराच्या मधोमध आपली जमीन बागेसाठी देऊन टाकली आणि तिथे राणी व्हिक्टोरियाचा छोटा पुतळा बसवला, त्याचं अनावरण राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या हस्ते झालं.

पुतळ्यावरून त्यांना साम्राज्याचा भक्त म्हणणं सोपं आहे, आणि ते राजनिष्ठ होतेच, १९०० च्या आसपासचे बहुतेक मोठे भारतीय व्यापारी आणि मुंबईतले आपले मवाळ पुढारीही होते. पण त्या राजनिष्ठेत एक हिशोब होता. आम्ही राणीची प्रजा आहोत, १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने सगळ्या प्रजेला समान वागवायचा शब्द दिलाय, मग नैरोबीत आम्हाला वेगळं का वागवता, असा तो युक्तिवाद होता. पुतळा उभारणारा माणूस त्या पुतळ्याकडे बोट दाखवून हक्क मागू शकत होता.

आता हक्क मागायची वेळ का आली ते बघू, कारण सगळा गुंता इथे आहे. रेल्वे बांधून झाली, खर्च ५० लाख पौंडांच्या वर गेला, आणि ती चालवायची तर मालवाहतूक हवी. कमिशनर सर चार्ल्स एलियट यांनी ठरवलं की गोऱ्या शेतकऱ्यांना इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेतून बोलवायचं आणि डोंगराळ भागातली थंड हवेची, सुपीक जमीन त्यांना द्यायची. लॉर्ड डेलामेअर त्यांचा पुढारी. हे लोक आले आणि बघतात तर व्यापार भारतीयांच्या हातात, बांधकाम भारतीयांच्या हातात, दुकानं भारतीयांची, आणि उद्या हे जमिनीही घेतील. तेव्हापासून गोऱ्या सेटलर्सची एकच ओरड सुरू झाली की भारतीयांना आवरा. १९०८ मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी जो तोडगा काढला तो वाचताना आजही राग येतो. एकीकडे म्हटलं की कायद्याने कुठल्याही समाजावर बंधन घालणं सरकारच्या धोरणात बसत नाही, आणि दुसरीकडे सांगितलं की कारभाराच्या सोयीसाठी उंच भागातली जमीन भारतीयांना देऊ नये. म्हणजे कायदा कुठेच नाही, कोर्टात आव्हान द्यायला कागदच नाही, पण अर्ज केला की अधिकारी नाही म्हणणार! पुढे १९१५ च्या जमीन कायद्याने ते पक्कंच केलं, सेटलर्सना ९९९ वर्षांचे पट्टे आणि एका वंशाकडून दुसऱ्या वंशाकडे जमीन जाताना गव्हर्नरला ती अडवायचा अधिकार.

जीवनजींना वर्तमानपत्राची ताकद मात्र याच्या कितीतरी आधी कळली होती. १९०१ मध्ये त्यांनी मोंबासाला आफ्रिकन स्टँडर्ड नावाचं साप्ताहिक काढलं आणि संपादक म्हणून टिलर नावाचा इंग्रज माणूस नेमला. १९०५ मध्ये त्यांनी ते अँडरसन आणि मेयर या गोऱ्यांना विकलं, त्याचं ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड झालं आणि ते पुढे सेटलर्सच्या बाजूने बोलणारं मोठं दैनिक बनलं. आज केनियात जे द स्टँडर्ड निघतं ते हेच. हा पेपर हातातून जाणं ही त्यांच्या राजकारणाची सगळ्यात मोठी हानी होती असं माझं मत आहे. ज्या यंत्रावर भारतीयांची बाजू छापली जाऊ शकत होती त्याच यंत्रावर पुढची कित्येक वर्षं भारतीयांविरुद्ध छापलं गेलं.

तर आता ती खुर्ची. लेजिस्लेटिव्ह कौन्सिल १९०७ मध्ये सुरू झालं. आपल्याला विधिमंडळ म्हटलं की निवडणूक आठवते, तसलं काही नव्हतं. कौन्सिलमध्ये बहुसंख्य सरकारी अधिकारी, ते गव्हर्नर सांगेल तिकडे मत देणार, आणि उरलेले दोन-चार बिनसरकारी सदस्य, तेही गव्हर्नरनेच नेमलेले. त्यामुळे ठराव हरणार की जिंकणार हे बैठकीच्या आधीच ठरलेलं असायचं. मग बिनसरकारी सदस्य करतो काय? प्रश्न विचारतो, भाषण करतो, आणि ते भाषण नोंदीत जातं, नोंद लंडनला जाते, लंडनमध्ये एखादा खासदार ती वाचून पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारू शकतो. कौन्सिलची खरी ताकद एवढीच, आणि सेटलर्स ती पुरेपूर वापरायचे कारण त्यांचे काका-मामा लॉर्ड्स सभागृहात बसलेले होते. जीवनजींचं तिकडे कोणी नव्हतं.

१९०७ मध्ये विन्स्टन चर्चिल वसाहत खात्याचे उपमंत्री म्हणून पूर्व आफ्रिकेत आले होते. त्यांनी परत गेल्यावर लिहिलं की भारतीय व्यापारी इथे पहिल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्याही आधीपासून आहे, शीख सैनिक आणि भारतीय मजूर यांच्यामुळे हा मुलूख उभा राहिला. भारतीयांना कौन्सिलवर जागा मिळण्यामागे हे वातावरण होतं. तेच चर्चिल जानेवारी १९२२ मध्ये, आता वसाहतमंत्री म्हणून, लंडनच्या एका भोजनसमारंभात सेटलर्सना वचन देतात की हायलँड्स, म्हणजे तीच उंच भागातली सुपीक जमीन, गोऱ्यांसाठीच राखीव राहील. पंधरा वर्षांत एवढा फरक. नेत्याच्या कौतुकावर राजकारण उभं करता येत नाही हे भारतीयांना फार महागात पडून कळलं.

एकट्या खुर्चीत बसून काही हलत नाही हे जीवनजींना लगेच उमगलं असावं, कारण १९१० मध्ये ते लंडनला गेले. तिथे मुस्लिम लीगच्या लंडन शाखेची, सय्यद अमीर अली यांची मदत घेतली, वर्तमानपत्रात मुलाखत दिली, भारतीयांवर होणाऱ्या अन्यायाची यादीच मांडली. १९१२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांच्या वतीने एक आवाहनाची पुस्तिका काढली. दरम्यान त्यांची कौन्सिलची मुदत संपली आणि त्यांच्या जागी दुसरा भारतीय सरकारने नेमलाच नाही, पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ती जागा रिकामीच ठेवली. बोलणाऱ्या माणसाला परत बोलवायचं नाही, इतकं सरळ होतं ते.

लंडनच्या त्या मुलाखतीत त्यांनी एक गोष्ट मांडली जी लपवून ठेवणं मला योग्य वाटत नाही. हा आफ्रिकन मुलूख भारतीय साम्राज्याला जोडून टाका, भारतासारखे कायदे ठेवा, काही वर्षांत इथे दुसरा भारत उभा राहील, असं ते म्हणाले. सेटलर्सच्या अहंकाराला दिलेलं ते उत्तर होतं, ते म्हणत हा गोऱ्यांचा देश, हे म्हणाले मग भारतीयांचा का नाही. पण किकुयू, मसाई, कांबा, लुओ, ज्यांची ती जमीन होती ते या वाक्यात कुठे आहेत? कुठेच नाहीत. जीवनजी अन्यायाविरुद्ध आयुष्यभर लढले हे खरं, आणि ज्या जमिनीच्या वाटपावर ते भांडत होते ती आधी कोणाकडून तरी काढून घेतलेली होती हेही खरं. दोन्ही एकत्र धरूनच हा माणूस समजतो.

मार्च १९१४ मध्ये मोंबासाला ईस्ट आफ्रिकन इंडियन नॅशनल काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष जीवनजी. ही संघटना हे माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम. त्याआधी मोंबासाचे व्यापारी वेगळे, नैरोबीचे वेगळे, बोहरा, खोजा, लोहाणा, पाटीदार, पंजाबी, गोवेकर प्रत्येकाची आपापली जमात. या सगळ्यांना एका छत्राखाली आणणं किती कठीण असतं हे परदेशातलं कुठलंही मंडळ चालवलेल्या माणसाला विचारा. वेळही आणीबाणीची होती. १९१३ मध्ये प्रोफेसर सिम्पसन, जे पूर्वी कलकत्त्याचे हेल्थ ऑफिसर होते, त्यांना आरोग्याच्या पाहणीसाठी पाठवलं होतं आणि त्यांनी शिफारस केली की शहरांत युरोपियन, आशियाई आणि आफ्रिकन यांच्या वस्त्या वेगवेगळ्या ठेवाव्यात, रोग पसरू नये म्हणून. प्लेगचं कारण दाटी, गटारं नसणं आणि सांडपाणी, आणि त्याच्यावर म्युनिसिपालिटी पैसे खर्च करत नव्हती, पण दोष मात्र भारतीय माणसाच्या सवयींवर टाकला गेला. आपल्याकडे मुंबई-पुण्याला १८९६-९७ च्या प्लेगमध्ये लोकांनी जे सोसलं ते आठवलं तर ही भाषा लगेच ओळखीची वाटते.

महायुद्धानंतर सेटलर्सना मतदानाचा हक्क मिळाला, १९२० मध्ये त्यांनी निवडणुकीने ११ सदस्य पाठवले. १९२१ च्या जनगणनेत गोरे होते साडेनऊ हजारांच्या थोडे वर, भारतीय जवळपास २३ हजार, आणि आफ्रिकन वीस लाखांहून जास्त. भारतीयांची मागणी होती कॉमन रोलची, म्हणजे वंश न बघता एकच मतदारयादी, शिक्षण किंवा मालमत्तेची अट घाला पण ती सगळ्यांना सारखी. सेटलर्सना हवे होते वेगळे मतदारसंघ, गोऱ्यांनी गोऱ्यांना निवडायचं, भारतीयांनी भारतीयांना, आणि जागा किती ते आधीच ठरवायच्या. इथे एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. ज्या १९०९ साली जीवनजी कौन्सिलवर गेले त्याच साली भारतात मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले, आणि इकडे नैरोबीत हिंदू-मुसलमान-शीख एकत्र येऊन विभक्त मतदारसंघाला कडाडून विरोध करत होते, आणि त्या लोकांना एकत्र आणणारी संघटना एका मुसलमान माणसाच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली होती.

१९२२-२३ मध्ये भांडण इतकं पेटलं की सेटलर्सनी गव्हर्नरला पळवून न्यायचा आणि सत्ता ताब्यात घ्यायचा बेत आखला. दोन्ही बाजूंची शिष्टमंडळं लंडनला गेली, केनियातल्या भारतीयांच्या शिष्टमंडळात साठी ओलांडलेले जीवनजी होते, आणि भारतातून आले श्रीनिवास शास्त्री, पुण्यात गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाचे गोखल्यांनंतरचे अध्यक्ष. जुलै १९२३ मध्ये डेव्हनशायर श्वेतपत्रिका, म्हणजे ब्रिटिश सरकारचं केनियाविषयीचं धोरण सांगणारा कागद, आली. त्यात म्हटलं की केनिया हा मुळात आफ्रिकन मुलूख आहे आणि आफ्रिकन लोकांचं हित सर्वोच्च. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात काय मिळालं? हायलँड्स गोऱ्यांकडेच, कौन्सिलमध्ये गोऱ्यांना ११ आणि भारतीयांना ५ जागा, मतदारसंघ वेगळे, कॉमन रोल फेटाळला. शहरातल्या वांशिक वस्त्यांची सक्ती मागे घेतली आणि भारतीयांच्या येण्यावर वंशाच्या नावाने बंदी घालायची नाही असं ठरलं, एवढीच भारतीयांची कमाई. आणि ज्यांचं हित सर्वोच्च त्या आफ्रिकनांच्या वतीने कोण बसणार, तर एक गोरा मिशनरी. पहिला आफ्रिकन सदस्य, एलियुड मथू, कौन्सिलमध्ये आला तो १९४४ साली.

भारतीय आणि आफ्रिकन एकत्र आले असते तर? तशी सुरुवात झालीही होती. मणिलाल देसाई, जीवनजींच्या पुढच्या पिढीतले पुढारी, यांनी हॅरी थुकू या तरुण किकुयू नेत्याला आपल्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात जागा दिली, त्याची पत्रकं छापून दिली. १९२१ मध्ये थुकूच्या संघटनेने ठराव केला की मिशनऱ्यांच्या खालोखाल भारतीय हेच आमचे मित्र. मार्च १९२२ मध्ये थुकूला अटक झाली, नैरोबीत जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आणि ती वाट बंद पडली. जीवनजींची पिढी या वाटेवर आली नाही. त्यांचा सगळा भर अर्ज, शिष्टमंडळ आणि ब्रिटिश प्रजेचे हक्क यावर होता, आणि तो मार्ग त्यांनी थकेपर्यंत चालवला.

जीवनजी २ मे १९३६ रोजी नैरोबीत वारले. शेवटी शेवटी त्यांची संपत्ती बरीच ओसरली होती, ज्या सरकारला त्यांनी ऑफिसं भाड्याने दिली होती त्याच सरकारशी भांडण्यात त्यांची उतारवयातली वर्षं गेली. १९०६ मध्ये दिलेली बाग मात्र राहिली, जीवनजी गार्डन्स. स्वतंत्र केनियात १९९१ मध्ये नैरोबीच्या नगर प्रशासनाने तिथे बहुमजली पार्किंग आणि दुकानं बांधायचं ठरवलं तेव्हा जीवनजींची नात झरीना पटेल रस्त्यावर उतरली, केनियातल्या आफ्रिकन पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाई तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. आजोबा ज्या कौन्सिलमध्ये एकटे बसले तिथे त्यांना एकही आफ्रिकन सोबती नव्हता, नातीला मात्र तो मिळाला.